नाशिकच्या आरशातील बेट

विद्यार्थिमित्रांनो, नकाशासंग्रह काढा आणि जगाच्या नकाशावर नाशिक शोधा. नाशिक विषुववृत्ताच्या उत्तरेस २० अंशांवर आहे. आता अशी कल्पना करा, की विषुववृत्त हा एक लांबलचक आरसा आहे आणि त्यात नाशिकचे प्रतिबिंब पडले आहे. ते विषुववृत्ताच्या दक्षिणेस २० अंशांवर पडेल. त्या रेषेवरून बोट थोडे पश्चिमेकडे सरकवा. हिंदी महासागरात एक ठिपका दिसेल. तो मॉरिशस. त्याची राजधानी पोर्ट लुई २० अंश १० मिनिटे दक्षिण अक्षांशावर आहे. म्हणजे नाशिक उत्तरेकडे जितके, तितकेच ते दक्षिणेकडे.

हे बेट सुमारे ६५ किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद आहे. नाशिक जिल्ह्याच्या पोटात अशी आठ बेटे मावतील! इ. स. १८३४ नंतर उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी करार करून हजारो हिंदी मजूर जहाजांनी तेथे गेले. त्यांत कोकणातील मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आज मॉरिशसचे नागरिक आहेत. गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते.

हल्ली सुट्टीत अशा समुद्रकाठच्या देशांत सहकुटुंब जाणारे पुष्कळ आहेत. जाण्यापूर्वी सूचनांची यादी मिळते : टोपी घ्या, पाणी प्या, खोल पाण्यात जाऊ नका. यादी पाठ होते, आणि ऐन वेळी विसरते. पण ती सूचना का आहे हे कळले, तर ती विसरत नाही. शिवाय जी परिस्थिती यादीत नाही, तिच्यातही काय करावे हे सुचते. म्हणून आज आपण नाशिकहून मॉरिशसला जाण्याची तयारी भूगोलाच्या आणि विज्ञानाच्या पुस्तकांतून करू या.

पेटी भरण्यापूर्वी

समजा, तुम्ही मे महिन्याच्या सुट्टीत निघालात. नाशिकला उकाड्याने जीव नकोसा झालेला असतो. म्हणून पेटीत फक्त सुती सदरे भरले, तर फसाल. आरशात डावे ते उजवे होते, तसे येथे ऋतू उलटे होतात. मे महिन्यात मॉरिशसमध्ये हिवाळ्याची चाहूल लागलेली असते. तेथील हिवाळा काही काश्मीरचा नव्हे. सरासरी तापमान २० अंश सेल्सियसच्या आसपास राहते, तर उन्हाळ्यात ते २५ च्या घरात जाते. पण बेटाच्या मध्यभागी पठार आहे. तेथील क्यूरपीप हे गाव सुमारे ५५० मीटर उंचीवर, म्हणजे जवळजवळ नाशिकच्याच उंचीवर आहे. संध्याकाळी तेथे वारा सुटला, की एखादा स्वेटर हवासा वाटतो.

किनारा निवडतानाही भूगोल कामी येतो. इगतपुरीला धो धो पाऊस पडतो आणि सिन्नर कोरडे राहते, याचे कारण तुम्हांला ठाऊक आहे. वारा डोंगर चढताना पाऊस टाकतो आणि उतरताना कोरडा होतो. मॉरिशसवर वर्षाचा बहुतेक काळ आग्नेय व्यापारी वारे वाहतात. म्हणून पूर्व किनारा वाऱ्याचा. तेथे हिवाळ्यात समुद्र अधिक खवळलेला असतो. पश्चिम किनारा आडोशाचा, कोरडा आणि शांत. आपल्याकडे सह्याद्रीची पश्चिम बाजू ओली, तेथे बेटाची पूर्व बाजू ओली. इथेही आरसाच म्हणायचा!

दिवाळीनंतर निघालात तर मात्र तेथे उन्हाळा सुरू होत असतो आणि नोव्हेंबरपासून चक्रीवादळांचा काळही. तो थेट मेच्या मध्यापर्यंत चालतो. जानेवारी ते मार्च हे महिने विशेष जोखमीचे. आपल्या गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते, दक्षिण गोलार्धात काट्यांच्या दिशेने. फेब्रुवारी १९६० मधील ‘कॅरोल’ वादळाने या बेटाची दाणादाण उडवली होती. आता तेथे वादळाच्या इशाऱ्याचे १ ते ४ असे चार वर्ग ठरलेले आहेत. इशारा मिळाला, की समुद्र लांबूनही पाहायला जायचे नाही. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ वादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा त्याचा पाऊस-वारा नाशिकपर्यंत पोचला होता, हे आठवा. मग किनाऱ्यावर काय होत असेल?

आणखी एक गोष्ट पेटीत घालायची नाही : आंबे, द्राक्षे, बिया, रोपे. फळाबरोबर कीड जाते, कीड बेटावर पसरते. बेटावरच्या प्राण्यांना आणि वनस्पतींना नव्या शत्रूची सवय नसते. १५९८ मध्ये डच खलाशी मॉरिशसवर उतरले. त्यांच्या मागोमाग उंदीर, डुकरे, माकडे आली. शंभर वर्षांच्या आत तेथील न उडणारा डोडो पक्षी पृथ्वीवरून नाहीसा झाला. डोडोला माणसाने मारले हे खरे. पण त्याची जमिनीवरची अंडी आणि पिले या नव्या पाहुण्यांनीच फस्त केली. म्हणून विमानतळावरचा अधिकारी तुमचा हापूस काढून घेईल, तेव्हा रागावू नका. औषधे मात्र जरूर न्या, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

कान आणि घड्याळ

मुंबईहून मॉरिशस सुमारे ४,७०० किलोमीटर. विमानाने जवळजवळ सहा तास लागतात. मुंबईला जाताना कसारा घाटात कानात दडे बसतात, हा अनुभव तुम्हांपैकी बहुतेकांना असेल. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून उडते. आतील हवेचा दाब यंत्राने वाढवलेला असतो, तरी तो जमिनीवरच्या इतका नसतो. साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर जितका दाब असावा, तितका असतो. म्हणजे कळसूबाईच्या शिखराहूनही अधिक उंचीवर तुम्ही सहा तास बसता! विमान उतरू लागले, की आवंढा गिळा, जांभई द्या किंवा गोळी चघळा. घशापासून मध्यकर्णापर्यंत जाणारी नळी त्यामुळे उघडते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. सर्दी असेल तर ही नळी सुजलेली असते, म्हणून डॉक्टरांना आधी विचारावे.

पोचल्यावर घड्याळ दीड तास मागे करा. येथे एक छान गणित आहे. नाशिकचे रेखांश सुमारे ७३.८ पूर्व आणि पोर्ट लुईचे ५७.५ पूर्व. फरक १६.३ अंश. एका अंशाला ४ मिनिटे, म्हणजे ६५ मिनिटे. मग घड्याळात ९० मिनिटांचा फरक का? उत्तर असे, की आपले घड्याळ नाशिकच्या नव्हे, ८२.५ अंश रेखांशाच्या वेळेने चालते आणि तेथील घड्याळ ६० अंशांच्या. फरक २२.५ अंश. त्याला ४ ने गुणा. दोन घड्याळे जुळली की नाही?

सावली हेच मापक

समुद्रकिनाऱ्यावर वारा गार असतो. त्यामुळे ऊन लागत नाही असे वाटते. हीच फसगत. अंग भाजते ते उष्णतेने नव्हे, तर सूर्याच्या अतिनील किरणांनी. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि कातडीला तत्काळ जाणवत नाहीत. संध्याकाळी पाठ लाल होते, रात्री पाठीवर झोपता येत नाही, तेव्हा कळते.

मोजण्याचे यंत्र जवळ नसले तरी सावली आहे. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर सूर्य ४५ अंशांहून वर आहे. त्याचे किरण वातावरणाचा कमी थर ओलांडून येतात, म्हणून अतिनील किरणांचे प्रमाण अधिक. अशा वेळी सावलीत बसावे.

आता १० नोव्हेंबरची गोष्ट घ्या. दीडशे सेंटिमीटर उंचीच्या मुलाची दुपारची सर्वांत आखूड सावली नाशिकला सुमारे ११३ सेंटिमीटर असते. त्याच दिवशी मॉरिशसमध्ये ती फक्त ८ सेंटिमीटर! सूर्य जवळजवळ डोक्यावर. नाशिकला ‘थंडी पडायला लागली’ म्हणत निघालेला मुलगा सहा तासांत वर्षातल्या सर्वांत तीव्र उन्हात उतरतो. त्याच्या कातडीला त्याची सवय नसते. मे महिन्यात हे उलटे होते. २० मेच्या सुमारास नाशिकला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मॉरिशसमध्ये त्या दिवशी त्याच मुलाची सावली सव्वाशे सेंटिमीटर पडते. पण लक्षात घ्या, तीही त्याच्या उंचीपेक्षा आखूडच आहे. म्हणजे हिवाळा असूनही दुपारी काळजी घ्यायलाच हवी.

किनाऱ्यावर किरण फक्त वरून येत नाहीत. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के अतिनील किरण परत फेकते, समुद्राचा फेस २५ टक्क्यांपर्यंत. म्हणून छत्रीखाली बसूनही हनुवटीच्या खालची बाजू भाजते. पाण्यात उतरलो म्हणजे सुटलो असेही नाही. अर्धा मीटर खोलीवरसुद्धा पृष्ठभागाच्या ४० टक्के किरण पोचतात. तेव्हा दहा ते तीन या वेळात सावली, दाट विणीचा पूर्ण बाह्यांचा सदरा आणि रुंद काठाची टोपी ही त्रयी सोडू नका. ऊनरोधक मलम लावलेच, तर दर दोन तासांनी आणि प्रत्येक डुंबण्यानंतर पुन्हा लावायला हवे.

समुद्र म्हणजे धरण नव्हे

नाशिकची मुले पोहायला शिकतात ती विहिरीत, तलावात किंवा नदीच्या डोहात, पाठीला डबा बांधून. ‘मला पोहता येते’ हे त्यांचे म्हणणे खरे असते, पण ते स्थिर पाण्यापुरते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे ते जड असते. ५० किलो वजनाचा मुलगा गोड्या पाण्यात तरंगताना ५० लिटर पाणी बाजूला सारतो, समुद्रात सुमारे ४९ लिटर. म्हणजे समुद्र त्याला थोडे अधिक उचलून धरतो. यामुळे पोहणे सोपे वाटते आणि माणूस धीट होतो. पण समुद्राचे पाणी जागच्या जागी राहत नाही, ही खरी अडचण आहे.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेल्या पुण्याच्या एका महाविद्यालयातील १४ विद्यार्थ्यांचा बुडून मृत्यू झाला. ती मुले तुमच्यापेक्षा फार मोठी नव्हती. सहलीच्या आनंदातच ती पाण्यात उतरली होती. अशा बातम्या दरवर्षी कोठून ना कोठून येतात. म्हणून पुढचा भाग सावकाश वाचा आणि सहलीला निघण्यापूर्वी वर्गात मोठ्याने वाचून दाखवा, अशी शिक्षकांनाही विनंती आहे.

लाटा किनाऱ्यावर पाणी आणून ओततात. ते पाणी परत जाणार कोठून? ते वाळूतील एखाद्या खोलगट पट्ट्यातून नदीसारखे वेगाने समुद्राकडे धावते. हा परतीचा प्रवाह. इतरत्र लाटा फुटून पांढऱ्या होतात. या पट्ट्यात मात्र पाणी खोल असल्यामुळे लाटा फुटत नाहीत. पाणी गडद आणि शांत दिसते. नवखा माणूस नेमकी हीच ‘शांत’ जागा निवडतो! या प्रवाहाचा वेग कधी कधी सेकंदाला दोन मीटरांहूनही अधिक होतो. शंभर मीटर पोहणारा जगज्जेता साधारण तेवढ्याच वेगाने जातो. मग त्याच्याविरुद्ध आपण किती वेळ हातपाय मारणार? बहुतेक जण प्रवाहाने ओढल्यामुळे नव्हे, तर त्याच्याशी झुंजून दमल्यामुळे बुडतात.

म्हणून हे लक्षात ठेवा. प्रवाहात सापडलात, तर किनाऱ्याकडे सरळ पोहू नका. प्रवाह तुम्हांला खाली खेचत नाही, फक्त बाहेर नेतो. पाठीवर तरंगा, हात हलवून हाका मारा. दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहा. प्रवाहाचा पट्टा बहुधा अरुंद असतो. त्यातून बाहेर पडलात, की लाटांबरोबर तिरपे किनाऱ्याकडे या. आणि दुसरा कोणी बुडताना दिसला, तर पाण्यात उडी घेऊ नका. दोर, चेंडू, झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लॅस्टिकचा कॅन, जे तरंगेल ते त्याच्याकडे फेका आणि जीवरक्षकाला बोलवा.

मॉरिशसच्या बहुतेक किनाऱ्याभोवती प्रवाळांची भिंत आहे. मोठ्या लाटा त्या भिंतीवर फुटतात आणि आतला उथळ पाण्याचा पट्टा तळ्यासारखा शांत राहतो. त्याला लगून म्हणतात. डुंबायला जागा उत्तम. पण भिंतीवरून आत आलेले पाणी भिंतीतल्या खिंडींतूनच बाहेर पडते. नाशिक-मुंबई वाहतूक जशी घाटाच्या खिंडीत एकवटते, तसेच. म्हणून खिंडीच्या जवळपास पोहायचे नाही. दक्षिण किनाऱ्यावर ग्री-ग्री येथे तर प्रवाळभिंतच नाही. महासागराच्या लाटा थेट कड्यांवर आदळतात. तेथे समुद्र पाहायचा, पोहायचे नाही.

भरती-ओहोटीचे काय? मुंबई-कोकणात उधाणाच्या वेळी पाणी चार-पाच मीटर चढते-उतरते. तेथे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. मॉरिशसमध्ये पाणी जेमतेम अर्धा मीटर चढते, आणि ही पाऊणकी तेथे चालत नाही. प्रत्येक किनाऱ्याचा आकार आणि समुद्रतळ वेगळा असल्याने भरतीची वेळ वेगळी असते. चंद्र तोच, पण वेळापत्रक स्थानिकच पाहावे.

पायाखाली आणि कानाशी

प्रवाळ हा दगड दिसतो, पण त्यावर असंख्य चिमुकले प्राणी राहतात. पाय दिला, तर ते चिरडतात आणि आपला पायही कापतो. ही जखम लवकर भरत नाही. त्यामुळे रबरी तळव्याचे बूट घालूनच पाण्यात उतरावे आणि प्रवाळांपासून दूर, वाळूवरून चालावे. तेथे दगडासारखा दिसणारा एक विषारी मासा, अश्ममीन, तळाशी निश्चल पडून असतो. त्याच्या पाठीवरचे काटे फार वेदना देतात. काटा लागला तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावा आणि लगेच दवाखाना गाठावा. या विषातील प्रथिने उष्णतेने निकामी होतात, हे त्यामागचे कारण. प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून आणू नका. आपल्या देशातही प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे.

काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेला डास दिवसा चावतो, म्हणून केवळ रात्रीची मच्छरदाणी पुरत नाही. २००५-०६ मध्ये मॉरिशस आणि शेजारच्या रेयुनियन बेटावर चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. २००६ मध्ये ती आपल्याकडेही पसरली. अंगभर कपडे आणि डासरोधक मलम हा उपाय.

तहान लागली म्हणून समुद्राचे पाणी कधी पिऊ नये. त्यातले मीठ बाहेर टाकायला मूत्रपिंडांना प्यालेल्या पाण्याहून अधिक पाणी खर्चावे लागते. म्हणजे पिऊन तहान वाढतेच. जुलाब किंवा उन्हाने थकवा आला, तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट द्यावे.

रात्र झाली की

दिवसभर सूचना ऐकून कंटाळला असाल, तर रात्री किनाऱ्यावर उभे राहून वर पाहा. नाशिकला ध्रुवतारा उत्तर क्षितिजाच्या २० अंश वर दिसतो, कारण नाशिकचे अक्षांशच २०. मॉरिशसमध्ये तो क्षितिजाच्या २० अंश खाली असतो. कितीही शोधा, सापडणार नाही. मृग नक्षत्र उलटे टांगलेले दिसते. चंद्रावरचा ससाही पालथा होतो. नाशिकहून दक्षिण क्षितिजालगत दिसणारा त्रिशंकू तेथे मे महिन्यात उंच आकाशात झळकतो. आणि मे महिन्यात दुपारी सूर्याकडे तोंड करून उभे राहिलात, तर तुमचे तोंड उत्तरेला असते आणि सूर्य उजवीकडून डावीकडे सरकतो!

आता पाहा, एवढ्या सगळ्या सूचना किती प्रश्नांतून निघाल्या? फक्त चार. त्या जागेचे अक्षांश किती? त्या महिन्यात सूर्य कोठे आहे? वारा कोणत्या दिशेचा? आणि पाणी कोठून येते व कोठून परत जाते? मालदीव असो, श्रीलंका असो की बाली, हेच चार प्रश्न विचारा. बरोबर कोणती यादी न्यायची ते तुमचे तुम्हीच ठरवाल.

परदेशी जाणे सर्वांनाच जमेल असे नाही. पण या प्रश्नांना पारपत्र लागत नाही. शाळेची सहल गणपतीपुळ्याला निघाली असेल, तर तेथेही ते तितकेच उपयोगी आहेत. सुरुवात आजच करा. शाळेच्या अंगणात एक मीटरची सरळ काठी रोवा, दुपारी साडेबाराच्या आसपास दर पाच मिनिटांनी सावली मोजा आणि सर्वांत आखूड सावली वहीत तारीख घालून टिपा. वर्षभर दर आठवड्याला हे करा. सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे कधी गेला आणि परत कधी आला, हे तुमची वहीच सांगेल. मग आरशातल्या बेटावरच्या मुलाने त्याच दिवशी किती सावली मोजली असेल, हे तुम्हांला घरबसल्या काढता येईल.